मुद्दाम विसरलेले पाच शब्द

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे, पण स्कूटरवरचं नव्हे. अमेरिकन फुटबॉल नावाच्या खेळातलं. त्यात चेंडू हातात धरून धावायचं असतं आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचं असतं. सध्या मुक्काम सिंगापूर. पाया लेबारजवळच्या एका फ्लॅटमध्ये मी चपलांच्या कपाटावर असतो. इथल्या दमट हवेने माझ्या आतल्या गाद्यांना बुरशी येते, मग अनघा नाक मुरडत मला व्हिनेगरने पुसते.

माझा जन्म अमेरिकेतल्या कारखान्यात झाला. तिथून मी वेंडेलच्या डोक्यावर चढलो. धावत येणाऱ्याला आडवं करणं हे त्याचं काम. व्यावसायिक संघात तो नऊ वर्षं खेळला, त्यातली शेवटची पाच माझ्यासोबत. प्रत्येक धडकेत समोरच्या हेल्मेटचा रंग माझ्यावर उमटायचा, कधी हिरवा, कधी जांभळा. हजारो लोक ओरडायचे आणि मला वाटायचं, हे सगळं माझ्यासाठीच.

खरं सांगू? कवटी फुटू नये, एवढंच मला जमतं. आतला मेंदू हलतो, तो मला थांबवता येत नाही. हे ठाऊक असूनही मी टाळ्या घेत राहिलो.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. हंगाम सुरू होण्याआधी डॉक्टर प्रत्येक खेळाडूची परीक्षा घेत. पाच शब्द ऐकायचे, थोड्या वेळाने परत सांगायचे. महिन्यांची नावं उलट्या क्रमाने म्हणायची. ते गुण लिहून ठेवले जात. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. गुण घसरले, तर खेळाडू बाहेर. वेंडेलने यावर तोड काढली होती. पहिल्या परीक्षेतच तो मुद्दाम चुकायचा. मग मार बसून खरंच काही आठवलं नाही, तरी गुण तेवढेच! परीक्षेनंतर मला काखेत घेऊन तो हसत बाहेर यायचा. मीही त्याला हुशारीच समजायचो.

पुढे खेळ संपला. वेंडेलची बायको अनघा मूळची पुण्याची. तिला चांगी बिझनेस पार्कमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही इथे आलो. घर वेंडेल सांभाळतो. हल्ली तो फ्रिज उघडून नुसता उभा राहतो. कशाला उघडला, ते त्याला आठवत नाही. अनघाने विचारलं की म्हणतो, "उकडतंय गं!" तो मराठीत बोलला की ती हसते आणि विषय तिथेच मिटतो.

त्यांची लेक गार्गी दहा वर्षांची आहे. ती फ्लॅग फुटबॉल खेळते. त्यात कुणाला पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढली की झालं. एकदा जेवताना वेंडेलने तिला परीक्षेची ती जुनी गंमत सांगितली. पोरगी पोट धरून हसली. पुढच्याच आठवड्यात तिच्या क्लबने तशीच परीक्षा घेतली. घरी येऊन तिने मला डोक्यावर चढवलं आणि इथल्या सिंगापुरी ढंगात आत कुजबुजली, "मी पण शब्द विसरले, ऑन पर्पज लाह!"

मित्रांनो, मला तेव्हा कौतुक वाटलं. त्याचीच आज सर्वात जास्त लाज वाटते.

गेल्या मंगळवारी सरावात गार्गी आणि दुसऱ्या एका मुलीची कपाळं आपटली. कोचने परीक्षा घेतली. गुण आधीएवढेच आले, म्हणून शनिवारच्या फायनलसाठी गार्गी पास! पण बुधवारी सकाळी तिला उलटी झाली. गुरुवारी ती भर दुपारी पडदे ओढून बसली. अनघाने क्लबकडून दोन्ही परीक्षांचे कागद मागवून घेतले.

"पाचातले दोन शब्द? दोन्ही वेळा? वेंडेल, मी मागच्या दिवाळीत काय बोलले, ते ही मुलगी मला शब्दाला शब्द ऐकवते!"

"अगं, मुलं परीक्षेला घाबरतात."

"ही घाबरते? हिने माझ्या बॉसला तोंडावर जाडा म्हटलंय!"

वेंडेलने कागद हातात घेतला आणि त्याचा चेहरा पडला. "गार्गी, पहिल्या वेळी तू..."

"तूच सांगितलंस ना, बाबा!" गार्गी रडायला लागली. "शनिवारी फायनल आहे. तू पण खेळायचास!"

वेंडेल खाली फरशीवरच बसला. मग म्हणाला, "अनघा, मी फ्रिज उकडतंय म्हणून उघडत नाही. परवा एमआरटी ट्रेनमध्ये कुठे उतरायचं तेच आठवेना, तीन स्टेशनं पुढे गेलो. मी डॉक्टरांना फसवलं, तुला फसवलं. आणि वर ती लबाडी गंमत म्हणून हिला सांगितली."

अनघा ओरडली नाही. त्याच्या हातातला कागद घेऊन तिने पर्समध्ये टाकला. "आधी हिला डॉक्टरकडे. मग तुझी पाळी. चपला घाला दोघं."

डॉक्टरांनी गार्गीला खेळायची सक्त मनाई केली, विश्रांती सांगितली. वेंडेलची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. शनिवारी तो गार्गीला आणि मला घेऊन मैदानावर गेला. मुली मला हात लावायला धावल्या, पण त्याने मला कुणाच्या डोक्यावर चढू दिलं नाही. सामन्याआधी सगळ्यांसमोर त्याने आपली लबाडी सांगितली. माझे रंगीत ओरखडे दाखवत तो म्हणाला, "हे शौर्य नव्हे. यातल्या कितीतरी वेळा मी बाहेर बसायला हवं होतं."

मग मागून एक बारीक आवाज आला, "अंकल, मी पण मुद्दाम चुकले. गार्गीने शिकवलं." तिच्या शेजारच्या मुलीने हात वर केला. मग आणखी एकीने. बाकावर बसलेल्या गार्गीने ओंजळीत तोंड लपवलं. कोचने तिघींना बाजूला बसवलं. संघ अपुरा पडला आणि फायनल न खेळताच हातची गेली.

मित्रांनो, मला हात असता तर सगळ्यात आधी माझाच वर गेला असता. डोक्याला लागलं, तर त्याच क्षणी आईला सांगा, कोचना सांगा. माझ्यासारख्या कडक टोपीच्या भरवशावर राहू नका. लाज वाटली तरी सांगा, सामना गेला तरी सांगा. त्या तिघींनी सांगितलं. मी सगळं ठाऊक असूनही गप्प राहिलो, याची मला लाज वाटते.