हातमोज्यावरची गादी

"या गादीवर हत्ती बसला ना, तरी खालच्या हाताले पत्ता नाई लागनार," असं जागेश्वरनं जाहीर केलं आणि मोजा घातलेला डावा हात दुकानाच्या फळीवर ठेवला. "मारा, नत्थूजी. मनात काही ठेवू नोका."

नत्थूजीच्या मनात बरंच होतं. त्याच्या ऑटोची मागची सीट उसवलेली होती, आणि ती शिवून घ्यायला तो रोज नंदनवन वस्तीतल्या या दुकानात येत होता. सीट सोडून बाकी सगळी कामं इथं त्याच्याकडून करून घेतली जात.

"हत्ती तर आता कुठं भेटन," असं म्हणत त्यानं जागेश्वरच्या बायकोची, रुख्माबाईची, कपडे धुवायची मोगरी उचलली आणि दिली ठेवून.

गादीनं मार झेलला असता, यात काही वाद नाही. पण अंगठ्यावर गादी शिवायची राहून गेली होती आणि मोगरी नेमकी तिथंच पाहुणी गेली. जागेश्वरच्या तोंडाशी जे आलं ते रुख्माबाईसमोर बोलता येत नव्हतं. अंगठा जांभळासारखा टरारून आला.

"हाताले पत्ता लागला का गा?" नत्थूजीनं विचारलं.

"हाताले नाई," जागेश्वर म्हणाला. "अंगठ्याले लागला."

आता ऑटोच्या आणि मोटारसायकलच्या सिटा शिवणारा हा माणूस हातमोज्याच्या भानगडीत कसा पडला, ते सांगायला पाहिजे. त्याची पोरगी रुचिका सीमेवर पहारा देणाऱ्या दलात भरती झाली आणि थेट लडाखला गेली. या पोट्टीनं जन्मात बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या किसणीवर. तिथं हिवाळ्यात तळं गोठतं, आणि त्या तळ्यावर दलाच्या पोरी पातं लावलेले बूट घालून हॉकी खेळतात. संघात एक पोरगी कमी पडत होती. साहेबांनी रांगेत उभं करून विचारलं, मार खायले कोण भीत नाही. रुचिकाचा हात वर गेला. लहानपणापासून जिथं विचार करायचा तिथं तिचा हातच आधी वर जायचा.

काम तिला मार खायचंच मिळालं. बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो, अनारशाएवढी जाड काळी रबरी चकती असते. समोरच्या पोरीनं ती हाणली की गोलाच्या आड यायचं. पाय, पोट, हात, जे हाताशी असेल ते मधे घालायचं. पहिल्याच महिन्यात चकती बोटांवर बसली. व्हिडिओ कॉलवर तिनं निळं नख दाखवलं तेव्हा रुख्माबाईनं फोनच्या काचेवर फुंकर घातली.

"मोज्याच्या वरून लावाची जादाची गादी भेटते, बाबा," रुचिका म्हणाली. "शॉट अडवतानी बोटं वाचतात. पन ते विलायतेतून मागवा लागते."

"विलायत कायले?" जागेश्वर म्हणाला. "बाप मेला काय तुहा?"

मग उमरेडचा अश्विन, तिच्याच तुकडीतला, सुट्टीवर आला तेव्हा त्याच्यासोबत तिनं आपली जुनी जोडी पाठवून दिली. तो परत जाताना ती घेऊन जाणार होता.

सोबत एक निरोपही होता, आणि घरात खरी गडबड त्या निरोपानं केली. संक्रांतीआधी मोठा सामना आहे, तो हरला तर संघ तिथंच संपला, पोरींना लगेच सुट्टी, रुचिका संक्रांतीला घरी. जिंकला तर पुढची स्पर्धा, मग सुट्टी कधी ते साहेबांना माहीत. ती मागल्याच्या मागल्या दिवाळीला आली होती, त्यानंतर नाहीच. तिची पतंगाच्या मांजाची चकरी दाराजवळच्या खिळ्यावर तशीच लटकलेली होती. रुख्माबाई झाडताना ती उतरवायची, पुसायची आणि परत लटकवायची.

रुख्माबाईनं टेकडीच्या गणपतीला जाऊन नवस बोलला. पोरगी हरू दे, पाच नारळ फोडीन.

"अशी कोणती माय नवस करते गा?" नत्थूजी म्हणाला.

"तुमी चूप बसा जी," रुख्माबाई म्हणाली. "तुमची पोट्टी मनीषनगरले देली. मनात आलं का ऑटोले किक मारता आन् जाता. माहा ऑटो जात नाई तिकडं."

जागेश्वरची पंचाईत वेगळीच होती. हात वाचला पाहिजे आणि सामना हरला पाहिजे, हे दोन्ही एकाच गादीत कसं भरायचं ते त्याला कळेना.

अंगठ्याची सूज उतरल्यावर त्यानं मोज्याच्या अंगठ्यालाही फोम लावला. फोनवर रुचिकानं थंडीचा विषय काढला, म्हणून मोजा फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवून पाहिला. दुसऱ्या दिवशी रुख्माबाई पाहुण्यांसाठी मटण काढायला गेली आणि तिनं मोजाच ओढून काढला, तर वरचा फोम भाजल्या पापडासारखा कडकड मोडला. मोज्याला मटणाचा वास लागला तो लागलाच. पुढं लडाखात एक कुत्रं रुचिकाच्या मागं मागं फिरायचं ते त्या वासापायी, असं अश्विननं नंतर सांगितलं.

फोम गेला. मग जागेश्वर दुकानात बसून वर पाहत राहिला. वर भिंतीवर त्याच्या बापाची फणी टांगलेली होती.

त्याचा बाप धोंडबा खापा गावी मागावर लुगडी विणायचा. फणी म्हणजे बारीक कामट्यांची कंगव्यासारखी चौकट, ताण्याचा एकेक धागा तिच्यातून ओवलेला असतो. माग मोडून जळणात गेला, धोटे पोरांनी खेळण्यात हरवले, फणी तेवढी राहिली. दर दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं.

"अवो, तिले हात नोका लावू," रुख्माबाई म्हणाली. "मामंजीची हाये ते."

"मामंजीच्याच नातीचे बोटं हायेत."

त्यानं फणी सोडवली. कामट्या एकाला एक लावून कापडाच्या दोन थरांत शिवल्या, वरून रेक्झिन, आत पिंजलेला कापूस. बोटं मिटली की गादी बोटांसोबत वाकायची, वरून मार बसला की दगड. नत्थूजीनं मोगरी परत हाणली. या वेळी मोगरीच तुटली. रुख्माबाईनं नत्थूजीशी दोन दिवस बोलणं टाकलं.

शेवटचा टाका झाला. जागेश्वरनं कात्री उचलली, आणि दोरा न कापता खाली ठेवून दिली.

ही धोंडबाची सवय. लुगडं उतरवताना तो ताण्याचे धागे पुरते कधी कापत नसे. वीतभर मागावर सोडायचा आणि नवा ताणा त्यालाच पिळून जोडायचा. शेवटचा दोरा कापला का माग रुसते, म्हणायचा, काम वापस येत नाही. जागेश्वर आता सिटा शिवत होता, तरी प्रत्येक सिटेखाली बोटभर दोरा सोडायचाच. गिऱ्हाईक परत येतं, असा त्याचा अनुभव. सिटा उसवायच्या म्हणून येतं, असा नत्थूजीचा.

मोज्याला मात्र त्यानं हातभर दोरा सोडला. सिटा शिवायचा नायलॉनचा, ओढून तुटत नाही तो.

"एवढा लांब काहून?" रुख्माबाईनं विचारलं.

"लडाख दूर हाये ना."

दोऱ्याची गुंडी करून तिनंच ती मोज्याच्या मनगटात खोचली, आणि वर हात फिरवला, पोरीच्या केसांवरून फिरवावा तसा.

सामन्याच्या दिवशी फोन दुकानातल्या फळीला टेकवून ठेवला होता. लडाखातून अश्विन चित्र दाखवत होता. चित्र अडकायचं, मग सगळ्या पोरी एकदम दुसऱ्याच जागी असायच्या. सगळ्यांच्या डोक्यावर टोप, तोंडावर जाळी. आपली कोणती ते कळेना. मग एकीच्या मागं बर्फाच्या कडेकडेनं कुत्रं पळताना दिसलं आणि रुख्माबाई म्हणाली, "ते पाहा आपली."

रुचिकाचा संघ एका गोलानं पुढं होता. रुख्माबाई तोंडातल्या तोंडात गणपतीला नारळ वाढवून देत होती.

"थोडाच टाइम राह्यला," अश्विनचा आवाज आला.

समोरच्या पोरी धावून आल्या. रुचिका गोलाच्या तोंडाशी आडवी पडली. चकती तिच्यावरून गेली, खांबाला लागून परत आली. ती उठायला गेली, पण तिचा डावा हात उठेना. मनगटातली गुंडी सुटली होती आणि जागेश्वरचा हातभर दोरा गोलाच्या जाळीत गुंतून बसला होता. ती ओढत होती, जाळी हलत होती, दोरा काही तुटत नव्हता.

"काय झालं तिले?" रुख्माबाई म्हणाली. "काहून अशी बांधल्यासारखी करून राहिली?"

जागेश्वरला दिसलं होतं.

समोरच्या पोरीनं नेम धरून चकती हाणली. ती सरळ गोलात जात होती, आणि मधे रुचिकाचा हात होता, कारण तो दुसरीकडे जाऊच शकत नव्हता. टक्क असा आवाज फोनातही आला. चकती उडून बाहेर गेली. शिट्टी वाजली. पोरी येऊन रुचिकाच्या अंगावर पडल्या.

"हारली का?" रुख्माबाईनं विचारलं.

"जिंकली," नत्थूजी म्हणाला.

"हाताले लागलं?"

"नाई वं," जागेश्वर म्हणाला.

"जराकसंबी नाई?"

"नाई."

रुख्माबाईनं पदरानं फोनची काच पुसली. पुसायला काही नव्हतं, अश्विननं फोन कधीचा बंद केला होता.

संक्रांतीच्या सकाळी रुचिकाचा फोन आला. गाल थंडीनं फाटलेले, तोंडभर हसू. पुढची स्पर्धा आहे, सुट्टी रद्द झाली, हे तिनं घाईघाईत सांगून टाकलं आणि लगेच म्हणाली, "बाबा, गादी बढिया हाये. बोटाले कळलंबी नाई. साऱ्या पोरी मांगून राहिल्या."

"साऱ्यांले करून द्या," रुख्माबाई मागून म्हणाली. "म्हंजे जिंकतच राहतीन जन्मभर." मग जवळ येऊन तिनं फोनसमोर तिळाचा लाडू धरला. "खाय वं," ती म्हणाली, आणि थोडा वेळ धरून ठेवून तो परत डब्यात टाकला.

"बाबा, तो दोरा," रुचिका म्हणाली.

"राहून गेला असन."

"साऱ्या म्हनत होत्या, काप. कैची आनून देली." ती म्हणाली. "मी नाई कापला. गाठ मारून आत खोचला."

"मंग बरं केलं," जागेश्वर म्हणाला. त्याला अजून बरंच बोलायचं होतं, पण फोन बर्फासारखा थिजला आणि पोरगी तोंड अर्धवट उघडं ठेवून तशीच राहिली. ती हलेल म्हणून दोघं बराच वेळ पाहत बसली.

दुपारी नत्थूजी आला. ऑटो दुकानासमोर लावला, आणि सीट शिवल्याशिवाय हलत नाही म्हणाला. जागेश्वर ऑटोत मागं बसला, मांडीवर दाभण आणि नायलॉनचा दोरा घेऊन. वर आभाळभर पतंग होते. गच्च्यांवरून कटलेल्या पतंगांमागं ओ पार, ओ पार चाललं होतं. रुख्माबाईनं चकरी खिळ्यावरून काढून दारात आणली होती आणि नुसती हातात धरून उभी होती, कोणाच्या तरी पतंगाला ढील द्यायची असावी तशी. जागेश्वर तिच्याकडे पाहत होता, वर पाहत होता, आणि हात आपले टाके घालत होते.

"झालं का गा?" नत्थूजीनं विचारलं.

"झालं."

"मंग उतर. सवारी भेटली."

जागेश्वर उठायला गेला. त्याच्या सदऱ्याची डावी बाही कोपरापर्यंत सिटेला शिवली गेली होती. दोरा ओढून तुटणारा नव्हता. कात्री दुकानात होती, आणि सवारीला घाई होती.

सवारी मनीषनगरची होती, नत्थूजीची पोरगी दिली तिथली. जागेश्वरही मनीषनगरपर्यंत गेला.