कच्चे कुळीथ

पंचफुलेच्या घरात कच्चं काही कोणाच्या पोटात जात नसे. शेंगदाणे, रवा, तीळ सगळं आधी कढईत जायचं, आणि दुधाला तीन उकळ्या आल्याशिवाय ते पाहुण्यालाही मिळत नसे. तिचा नवरा श्रावण म्हणायचा, "एखाद्या दिवशी तू मले बी भाजून काढशीन." त्यावर ती म्हणायची, "अकोल्याचं ऊन कशाले हाय मंग? तेवढं काम त्याचंच."

श्रावण सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होता. बौद्ध वस्तीतला तो पहिला सरकारी नोकर. त्यामुळे कोणाचा गुडघा दुखो की कोणाची म्हैस आटो, लोक त्याच्याच दारी यायचे. आपल्याला रक्तापलीकडे काही कळत नाही, हे पटवण्यात त्याचा अर्धा रविवार जाई, आणि ते कोणाला पटतही नसे.

रक्तातलं मात्र त्याला कळत होतं, आणि गेल्या उन्हाळ्यापासून एक गोष्ट त्याला टोचत होती. एक बाळंतीण आली होती, रक्त फार गेलेली. रक्त द्यायला सातआठ माणसं बाहेर उभी होती. पण कोणाचं रक्त तिला चालेल हे सांगणारं औषधी पाणी मुंबईहून बर्फात घालून यायचं. बर्फ वाटेतच वितळला आणि बाटली नासली. डॉक्टर अंदाजाने रक्त घालायला तयार नव्हते. तिला मोटारीत घालून अमरावतीला पाठवलं. मूर्तिजापूर ओलांडलं आणि ती गेली. त्या दिवशी श्रावण घरी येऊन जेवला नव्हता.

मग त्याने दवाखान्यातल्या जुन्या मासिकात कुठेतरी वाचलं की तेच काम कुळीथ करतात. होय, आपले कुळीथ, बैलाला भरडून घालतात आणि मुतखड्यावर ज्याचं कढण देतात ते. पंचफुला हसून हसून बेजार झाली.

"हसू नको," तो म्हणाला. "माणसाच्या रक्तात बारके कण असतात. त्याइच्या अंगावर खूण असते. कोणाच्या 'ए', कोणाच्या 'बी', कोणाच्या दोन्ही, अन् 'ओ' वाल्याच्या दोन्ही नाई. कुळथाच्या पाण्याले 'ए'ची खूण वळखू येते. ते त्याले धरते, अन् रक्ताच्या गाठी होतात. बाकीच्याले हात बी लावत नाई."

"त्याले डोये हायेत का?"

"नाईत. तरी दिसते."

चार वेळा त्याने दवाखान्यातल्या खलात मूठभर कुळीथ कुटून पाहिले होते, आणि चारही वेळा जमलं होतं. तेव्हा त्याने डॉक्टर भगवंतरावांना गाठलं. डॉक्टर पुण्याकडचे, बोलणं मोजकं. ते म्हणाले, "सोमवारी माझ्यासमोर दहा जणांच्या रक्तावर करून दाखव. जमलं, तर बाटली नासेल तेव्हा हे वापरू. नाही जमलं, तर पुन्हा या कुळथाचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही."

पंचफुलेने लगेच तेल्हाऱ्याला भावाकडे, मोतीरामकडे, निरोप धाडला. तो पायलीभर कुळीथ घेऊन आला. रविवारी श्रावणला कामावर जायचं होतं. दारातून वळून तो एवढंच म्हणाला, "बारीक दळून ठेवजो," आणि गेला.

आता नवऱ्याचं पीठ डॉक्टरांपुढे जायचं, म्हणजे ते काही ऐरंगैरं असून चालणार नव्हतं. तिने कुळीथ दोनदा निवडले. धुऊन, पंख्याने वारा घालून सुकवले. मग मंद आचेवर हलवत हलवत भाजले, वास गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो. मग जात्यावर दळून, फडक्यातून गाळून, पीठ डब्यात भरलं. शेजारणीला म्हणाली, "दवाखान्याचं काम माह्या जात्यावर आलं हो!" असं म्हणताना तिला कोण आनंद झाला होता.

सोमवारी पहाटेच श्रावण बांधलेला डबा घेऊन गेला. संध्याकाळी आला, हातपाय धुतले, जेवला. भाकर नेहमीपेक्षा जास्त खाल्ली आणि भाजीचं नेहमीपेक्षा जास्त कौतुक केलं. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"जमलं?"

"नाई. कुळीथ भिजवाचं मिठाचं पाणी चुकलं माहं. जाऊ दे, बंद झालं ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातले कंपाउंडर नत्थुजी रिकामा डबा द्यायला आले. पोटात काही न ठेवणारा माणूस. पाणी पिता पिता म्हणाले, "वहिनी, वास मात्र लई खमंग होता! डाक्टर बी म्हणाले, 'हे भाजलंस कशाला? भाजल्यावर त्यातली ताकद मरते.' तं श्रावण म्हणते, 'ओलसर होते, साहेब, म्हणून मीनं भाजले.' लई बोलणे खाल्ले बिचाऱ्यानं."

नत्थुजी गेल्यावर पंचफुला बराच वेळ डबा मांडीवर घेऊन बसली. तिला रडू आलं. मग नवऱ्याची इतकी माया दाटून आली की तिला त्याचा रागच आला. माझ्या चुकीची बोलणी खातो आणि घरी येऊन भाजीचं कौतुक करतो! तिने उरलेले कच्चे कुळीथ ओच्यात बांधले, डोक्यावर पदर घेतला आणि भर उन्हात दवाखाना गाठला.

डॉक्टर श्रावणच्या खोलीतच उभे होते. तिला पाहून श्रावणचा चेहरा पडला.

"साहेब," ती म्हणाली, "ते कुळीथ मीनं भाजले. हा माणूस तुमच्यापाशी खोटं बोलला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "खरं का, श्रावण?"

"हो, साहेब."

"का?"

श्रावण खाली पाहून म्हणाला, "लई मायेनं भाजले होते, साहेब, तिनं. त्याले चूक म्हणायले जीभ वळली नाई."

पंचफुला पुढे झाली. "शिक्षा काय द्याची ते मले द्या. पण हे कच्चे हायेत. तुमच्यासमोर कुटतो. एक डाव पाहा."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्या ओच्याकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसले. "कुटा."

तिने खलात कुळीथ कुटले. श्रावणने ते मिठाच्या पाण्यात भिजवले, निथळ पाणी काढलं आणि पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर दहा जणांच्या रक्ताचे दहा थेंब मांडले. प्रत्येकावर कुळथाच्या पाण्याचा थेंब सोडून तो ती फरशी हातात धरून हलकेच डोलवू लागला. 'ए' गटाच्या चारही थेंबांत फाटलेल्या दुधासारख्या गाठी झाल्या. बाकीचे सहा जसेच्या तसे राहिले. दारात येऊन उभ्या राहिलेल्या नत्थुजींनी टाळी वाजवली आणि डॉक्टरांकडे पाहून हात मागे घेतले.

"आता एक अनोळखी रक्त," डॉक्टर म्हणाले. पंचफुलेने बोट पुढे केलं. श्रावणने सुई टोचताना तिच्यापेक्षा जास्त तोंड वाकडं केलं.

तिचा थेंब हलला, डोलला, पण त्यात गाठ होईना. ती वाकून पाहू लागली. "बिघडलं का जी? पुन्हा माह्याच पायी?"

"बिघडलं नाई," श्रावण म्हणाला. त्याने 'बी'ची खूण ओळखणाऱ्या पाण्याची बाटली काढली, ती अजून चांगली होती. तिच्या दुसऱ्या थेंबावर तेही पाणी टाकलं. तोही थेंब तसाच राहिला. तो हसायला लागला. "तुह्यावर एकबी खूण नाई. 'ओ' हाय तू. तुहं रक्त अडीनडीले कोणालेबी देता येते."

"कोणालेबी?"

"कोणालेबी."

ती डॉक्टरांकडे वळली. म्हणाली, "ते गेल्या साली मोटारीत गेली ती बाई. तिले माहं चाललं असतं?"

"बहुतेक चाललं असतं," डॉक्टर म्हणाले.

"अन् तिच्या घरच्याइले? आमच्या वस्तीतलं?"

हा प्रश्न डॉक्टरांना समजला. "रक्ताला चाललं असतं, बाई. माणसांचं मी बघून घेतलं असतं."

"मंग माहं नाव लिवून ठेवा," पंचफुला म्हणाली. "आता कोणत्या बाळंतिणीले मोटारीत घालू नका. आधी मले बलवा. भाकर तव्यावर असली तरी येतो."

डॉक्टरांनी नोंदवही उघडली. पत्ता सांगताना श्रावण दोनदा चुकला, शेवटी तोही तिनेच सांगितला.