चकतीला तेल

भांडण धारेच्या वेळी सुरू झालं. गाईच्या आचळाला हात असताना माणसानं आवाज चढवू नये, एवढी साधी गोष्ट आमच्या साहेबाला कळत नाही. साहेब म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा मुलगा. लाकडाच्या वखारीत कामाला जातो, तेही इस्त्रीचा शर्ट घालून, म्हणून घरात सगळे त्याला साहेब म्हणतात. लहानपणी त्याचं शेंबडं नाक मीच पुसलंय, ते सोडा. तर हा गोठ्याच्या दारात उभा राहून आईला सांगत होता की दोन्ही गाई आता विकून टाकू.

कारण थोरलीचे गुडघे. आमचं दूध टेकडीपलीकडच्या केंद्रावर जातं. इकडून चढ, माथ्यावर जरा सपाटी आणि मग तिकडे सरळ उतार. थोरली वर्षानुवर्षं सायकलला कॅन बांधून जाते. चढावर सायकल हातानं ढकलायची आणि उताराला बसायचं. पण अलीकडे अर्ध्या चढावर एका दगडावर बसून तिला गुडघे दाबावे लागत. आदल्या दिवशी साहेबानं तिला तशी बसलेली पाहिली होती. आई, तुझे हाल बघवत नाहीत, एवढं बोलला असता तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. पण आमच्या घरातल्या पुरुषांना सरळ बोलायचा कंटाळा, म्हणून यानं गाईंवर घसरायचं ठरवलं.

थोरलीनं गाईच्या कुशीला टेकवलेलं कपाळसुद्धा हलवलं नाही. चरवी भरली तेव्हा म्हणाली, "गाई गेल्या तर पहाटे उठून मी काय करू? तुझे शर्ट मोजत बसू?"

तिच्या लेकीला हे कळलं आणि तिनं भलतंच काही केलं. ती शहरात शिवणाच्या कारखान्यात असते. पुढच्या सुट्टीला आली ती टेंपोत एक सायकल घालूनच. काळी, जाड टायरांची, दांड्यावर डब्यासारखी बॅटरी आणि दोन्ही चाकांना पत्र्याची एकेक चकती, तीच म्हणे ब्रेक. पायडल मारलं की मोटर जोर लावते, पायडल थांबलं की तीही थांबते. थोरली अंगणात पहिल्यांदा बसली तेव्हा तिनं दोनदा मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, मीच ढकलतेय. मी तर कमरेवर हात ठेवून लांब तुळशीपाशी उभी होते.

सगळे हसलो, साहेब सोडून. त्याचं म्हणणं, असल्या यंत्राचा काय भरवसा, मध्येच दगा देईल आणि आई पडेल. मग त्यानं अट घातली. ज्या दिवशी दूध सांडेल, त्या दिवशी गाई विकायच्या आणि त्यावर पुन्हा बोलायचं नाही. थोरली लगेच कबूल म्हणाली. मी तिला आत नेऊन चांगली झापली, की बाई, तू काय देवाकडून लिहून आणलंयस का. पण तिच्या तोंडून शब्द गेला की गेला. तिला तो परत घेता येत नाही, तिच्या बापाचीही तीच खोड होती म्हणे.

आणि सायकल काय चालली म्हणून सांगू. ज्या चढानं तिचा जीव काढला होता, त्या चढावर ती आता घंटी वाजवत जायची. घंटी वाजवायला समोर कुणी लागतं असंही नाही. संध्याकाळी ओल्या फडक्यानं सायकल पुसायची, बॅटरी काढून घरात धान्याच्या कोठीवर ठेवायची आणि चुलीची धग लागत नाही ना ते हात लावून बघायची. नातवंडांचे सुद्धा एवढे लाड तिनं केले नसते. साहेब तिकडे बघतच नाही असं दाखवायचा. पण एकदा मी गवताचा भारा घेऊन आले तर हा उकिडवा बसून टायर अंगठ्यानं दाबून बघत होता, शेजारी पंप. मला पाहून उठला आणि म्हणाला, चप्पल शोधत होतो. चप्पल पायातच होती.

मग मध्ये वाऱ्याचे दिवस आले, रस्त्यावर धूळच धूळ, आणि ब्रेक ओरडायला लागले. साधं नाही, कानात खिळा घुसल्यासारखं. सायकल अंगणात थांबली की गाई दावं ताणायच्या आणि शेजारचं कुत्रं रडायचं. आता आमच्या घराची रीत अशी की जे कुरकुरेल त्याला तेल. दाराच्या बिजागऱ्या, विहिरीचा रहाट, पाळणा, सगळ्यांना. माझ्या सासूबाई दर आठवड्याला तेलाची बुदली घेऊन घरभर फिरायच्या. आमच्या दाराचा आवाज कधी कुणी ऐकला नाही, हे त्या व्याह्यांना कौतुकानं सांगायच्या.

त्या सकाळी मी पलीकडच्या उताराला, बांधावर गवत कापत होते. धुकं नुकतंच उठत होतं, खालचं रान नांगरून पडलेलं, ढेकळं ओली आणि काळी. वरून घंटी ऐकू आली. म्हटलं, स्वारी आज फारच खुशीत दिसते. पण घंटी थांबेचना. वर बघते तर थोरली सुसाट खाली येतेय, दोन्ही ब्रेक मुठीत दाबलेले, दोन्ही पाय रस्त्यावर घासतायत आणि चाकं काही ऐकत नाहीत. माझ्या हातून विळा गळून पडला. खाली वळण, वळणाला दगडी पूल. थोरलीनं एकदा पुलाकडे पाहिलं आणि सायकल सरळ नांगरलेल्या रानात घातली. पुढचं चाक ढेकळात रुतलं, ती आडवी झाली, कॅन उडून पडला आणि झाकण निघालं.

मी धावत पोचेपर्यंत ती उठून बसली होती. कोपर खरचटलेलं, केसांत माती. कुठं लागलं विचारलं, तर ती कॅनकडे बघत होती. पांढरं दूध काळ्या मातीत जिरत होतं, बघता बघता फेससुद्धा राहिला नाही.

"सांडलं," ती म्हणाली. एवढंच. मला रडू आलं, तिला नाही.

केंद्राच्या तिठ्यावर पंक्चरवाल्याचं खोपट आहे. तिथवर आम्ही सायकल हातानं नेली. त्यानं चकतीवर बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारला. ब्रेकच्या चकतीला कुणी तेल घालतं का, म्हणाला. ब्रेकचे गुटके चकतीला घासले तरच चाक थांबणार, आणि इथं तर घसरगुंडी करून ठेवलीय. आवाज यायला लागला तर चकती कोरड्या स्वच्छ कापडानं पुसायची, फार तर स्पिरिटनं, तेलाचं बोटसुद्धा लावायचं नाही. तेल फक्त चेनला. तेही आधी चेन पुसून, थेंब थेंब घालून, वरचं पुन्हा पुसून, नाहीतर धूळ चिकटून चेन दळत बसते. हे सगळं बोलताना त्याचे हात चालूच होते. तेल प्यायलेले गुटके काढून त्यानं चकत्या स्पिरिटनं पुसल्या, नवीन गुटके बसवले आणि बजावलं की आधी सपाटीवर हळूहळू ब्रेक लावत फिरा, गुटके धरायला लागले की मगच उतार.

मग त्यानं विचारलं, तेल घातलं कुणी. मी घातलं नव्हतं. थोरलीनं काढलेल्या गुटक्यावरून बोट फिरवून वास घेतला. मीही घेतला. आमच्या बुदलीतलं तेल नव्हतं ते. वखारीत करवतीला लावतात ते होतं, साहेबाच्या शर्टाला कायम वास येतो तेच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात थोरलीनं माझा दंड धरला.

"मीच घातलं असेल," ती पंक्चरवाल्याला म्हणाली. "विसरले असेन."

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. पोरानं अट जिंकायला आईचा जीव पणाला लावला, असं माझ्या मनात आलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. थोरली म्हणाली, दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी सारखं तेल लावलंय. वाईट करणारा माणूस एवढं निगुतीनं करत नाही.

साहेब अंगणातच होता, वखारीला निघालेला. थोरली थेट गोठ्यात गेली, दोन्ही गाईंची दावी सोडली आणि टोकं त्याच्या हातात दिली. "दूध सांडलं. घेऊन जा."

त्यानं आधी तिचं कोपर पाहिलं, मग केसांतली माती, मग सायकल. आणि एवढा मोठा माणूस, इस्त्रीच्या शर्टात, गाईंच्या मध्ये उभा राहून रडायला लागला. म्हणाला, "आई, तेल मी घातलं. ब्रेक ओरडतात म्हणून लोक तुला हसत होते. मला वाटलं, तुझं काम सोपं होईल."

"मला माहीत आहे," थोरली म्हणाली. "पण शब्द तो शब्द."

"अट माझी होती ना? मग मीच ती मोडतो." त्यानं दावी परत बांधली. बांधली म्हणजे काय, अशी गाठ मारली की तांबड्या गाईनं मान हलवताच सुटली, आणि पुढचा सगळा वेळ आम्ही तिघं तिला माझ्या मेथीच्या वाफ्यातून हाकलत होतो. माझी मेथी गेली, पण त्या दिवशी मी कुणालाही शिव्या दिल्या नाहीत. नोंद घ्यावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे साहेबानं थोरलीची जुनी सायकल काढली. हिला बॅटरी नाही, मोटर नाही. स्वतः चेन पुसली, थेंब थेंब तेल घातलं, पुन्हा पुसली, आणि अर्धं दूध त्याच सायकलला बांधलं. म्हणाला, आईबरोबर जातो, तिथून वखार जवळच. मी विळा घेऊन मागून चालत निघाले. थोरली घंटी वाजवत माथ्यावर कधीच पोचली होती. साहेब अर्ध्या चढावर सायकल आडवी टाकून त्याच दगडावर बसला होता, शर्ट पाठीला चिकटलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर.

माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, आई रोज हे करायची?"

मी म्हटलं, रोज.

त्यानं बसल्या दगडावरून एकदा हात फिरवला. मग वरून थोरलीची हाक आली, "साहेब, उठा आता, दूध नासेल," आणि तो उठला.