चिकातले जंतू

आता बघा, सत्त्याण्णव साल, नेवाशाजवळचा सरकारी दवाखाना. भर दुपारी वृषालीला दुसरी पोरगी झाली, आन् तास उलटायच्या आत बाळाला पाजण्यावरनं अशी जुंपली की विचारू नका!

कारण थोरली दिशा. चार वर्षांची पोर, पण कोपरं खाजवून खाजवून रक्ताळलेली. अंडं खाल्लं की ओठ टम्म, धुरळा उडाला की छातीत शिट्टी वाजायची. तिच्या वेळी सासूनं, बनुबाईनं, वृषालीचा पहिला पिवळा चीक मोरीत पिळून टाकायला लावलेला. "घान असती ती. तीन दिस गुळाचं पानी द्यायचं." त्यानंच दिशा अशी झाली, असं वृषालीच्या मनानं घेतलेलं. या बारीला तिनं ठरवलेलं, चीक टाकू द्यायचा न्हाई म्हणजे न्हाई.

माधुरी सिस्टर नुकती ट्रेनिंगहून आलेली. जोशात म्हणाली, "लगेच पाज गं. आईच्या अंगावरचे, दुधातले जंतू बाळाच्या पोटात जायला हवेत."

झालं! बनुबाईनं बाळ उचललं आन् थेट दार गाठलं. "जंतू पाजताय व्हय माज्या नातीला?"

"आजी, चांगले जंतू!"

"चांगलं? मग तुमच्या भिंतीवर 'जंतू मारा' कशाला लिवलंय?"

सिस्टरनं वळून भिंतीकडं बघितलं. खरंच लिहिलेलं होतं!

बाळ टाहो फोडतंय. दाराशीच गुळाच्या पाण्याची वाटी. बनुबाईनं कापसाचा बोळा भिजवला, बाळाच्या ओठापाशी नेला. वृषालीला उठवेना. ती ओरडली, "आत्या, दुधाला इरजन कोन लावतं घरात?"

"आँ? मीच. दुसऱ्या कुनाला हात लावू देते का?"

"आन् न लावता तसंच ठिवलं तर?"

"नासतं. कायबी पडतं त्यात."

"मंग हिच्या पोटात आधी काय पडू द्यायचं? माजं इरजन, का त्या वाटीतलं?"

बनुबाईचा हात तिथंच थांबला. बोळ्यातनं थेंब गळतोय, टप टप. तिनं सिस्टरकडं बघितलं. "यानं दिशावानी व्हनार न्हाई ना?"

सिस्टर म्हणाली, "तसं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, आजी. फायदा होईल असं डॉक्टर लोकांना वाटतंय, एवढंच."

वृषालीनं डोळे मिटले. संपलं!

"इरजन तरी कुटं दर टायमाला लागतं," बनुबाई पुटपुटली, आन् बाळ वृषालीच्या कुशीत ठेवलं.

बाळानं दोनदा तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा बनुबाईनंच वाकून त्याची मान सरळ केली. "अगं धर की, भवाने!"

आन् पोरीनं धरलं.