कुसाबाईंचं ऐकलं कोणी

डॉक्टर अश्विन नाशिकचेच, पण त्यांच्या वॉर्डात सटाण्याकडच्या बायका अहिराणीत बोलू लागल्या की नाकाशी वास आल्यासारखा चेहरा करायचे. मग हाक मारायचे, "सिस्टर, ही काय बडबडतेय बघा."

सिस्टर म्हणजे सुवर्णा. ती सटाण्याची. नर्सिंगच्या होस्टेलवर तिने तीन वर्षं स्वतःची अहिराणी लपवली होती. आता त्याच भाषेसाठी तिला दिवसातून दहा वेळा बोलावणं यायचं, तेही इस्त्रीवाल्याला बोलवावं तसं.

त्या दिवशी कुसाबाई दाखल झाल्या. पायाची जखम चिघळलेली, अंगात ताप. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं. कुसाबाई घाबरून सुवर्णाला म्हणाल्या, "मांगे सुई टोची तव्हय मन्हं तोंड सुजी गयं. दम कोंडाई गया."

"सर, यांना आधी एका इंजेक्शनने सूज आली होती. श्वास कोंडला होता."

"यांना सगळ्यानेच सूज येते," डॉक्टर मोबाईल बघत म्हणाले. "तुम्ही फक्त भाषांतर करा. डॉक्टरकी मी करतो."

ते पुढच्या पेशंटकडे गेले. सुवर्णाने कुसाबाईंना विचारलं, "कागद शे का?"

पिशवीत, कुंकवाच्या डबीखाली, घडी घातलेला कागद निघाला. सटाण्याच्या डॉक्टरांनी औषधाचं नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या आणि पुढे लिहिलं होतं: पुन्हा कधीही देऊ नये. डॉक्टर अश्विननी लिहिलेलं औषध तेच होतं.

सुवर्णाने कागद त्यांच्यापुढे धरला. "मी हे देणार नाही, सर."

डॉक्टरांनी वाचलं. औषध बदललं आणि निघून गेले. साधं 'बरं झालं' म्हणायलाही त्यांची जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी ते शिकाऊ डॉक्टरांना घेऊन कुसाबाईंच्या खाटेशी आले. ताप उतरला होता. "पेशंट बोलतो ते नीट ऐकायचं," ते सांगू लागले. "हिची ॲलर्जी मी अशीच पकडली." पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

कुसाबाईंनी हळूच सुवर्णाला विचारलं, "काय म्हनस डॉक्टर?"

सुवर्णा त्यांच्या कानाशी वाकली. "म्हनस, काल तुमनं आयकं नही, माफ करा."

कुसाबाईंनी डॉक्टरांकडे बघून हात वर केला आणि पुटपुटल्या, "जाऊ दे भाऊ."

डॉक्टर सुखावले. "आभार मानतेय ना?"

"हो, सर," सुवर्णा म्हणाली.