नाताळातली पाचवी

हिल्डाबाई हट्टी होती, हे पालघरच्या मिशन बंगल्यातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. नॉर्वेहून नर्स म्हणून आली तेव्हा तिला सांगितलं होतं, की बोईसरच्या दवाखान्यात बसायचं आणि येतील त्यांना औषध द्यायचं. ती मात्र खांद्याला पिशवी अडकवून पूर्वेकडचे डोंगरपाडे तुडवत सुटली. मराठी पुस्तकातून शिकलेली. "कृपया जीभ दाखवावी" म्हणाली की पाड्यावरच्या बाया तोंडात पदर कोंबून हसायच्या. हसेनात का, जीभ तर दाखवत होत्या.

एकवीस डिसेंबरला, बुधवारी, ती अशीच सोमीच्या झोपडीत पोचली. पाड्यावरची सुईण बायडी तापानं फणफणलेली आणि सोमीचं पहिलंच बाळंतपण. हिल्डानं पोरगी सोडवली, नाळ कापली, हात धुतले आणि काम संपलं असं समजून निघाली. तिथंच तिचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी सोमीची सासू नवसी सहा मैल चालून दवाखान्याच्या दारात हजर.

"बाय, आयतवारी पाचवी हाय. तू ये."

"रविवारी नाताळ आहे. बायडीला सांगा ना, तिचा ताप उतरला."

"तिला इचारलं. ती बोलली, नाळ मी नाय कापली, मंग पाचवी माजी कशी?" नवसी उंबऱ्यावरच बसली. "जिनं नाळ कापली तिनंच पोर न्हाणायची, तिनंच सोमीला उठवायची. तू नाय आलीस तं सोमी कोपऱ्यातच रायेल. तिच्या हातचा पानी कोनी नाय पिनार."

"किती दिवस?"

नवसीला प्रश्नच कळेना. नाळ कापून पाचवीला न आलेली बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती. हिल्डानं "येते" म्हणून टाकलं.

मिशनचे प्रमुख लार्सनसाहेब भला माणूस, पण शिस्तीचा. नाताळच्या दुपारी पालघरच्या बंगल्यावर मोठं जेवण होतं. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचे गोरे इंजिनिअर बायकामुलांसह यायचे होते, मायदेशाहून मिशनच्या मंडळाचे दोन वडीलधारेही आले होते, आणि ऑर्गन वाजवायला हिल्डा हवी होती.

"प्रभूच्या जन्मदिवशी तू सटवाईच्या पूजेला जाणार?" साहेब म्हणाले.

"पूजेला नाही. बाळाला अंघोळ घालायला."

"मंडळाला हा फरक समजणार नाही. मलाही समजत नाही. गेलीस, तर मी तुझं परतीचं तिकीट काढायला लिहीन."

घरचा बर्फ, आईच्या हातचं मटण, भावाची पोरं, सगळं आठवून हिल्डा डिसेंबरभर रडवेली झाली होती; तरी परत जायचं नव्हतं. तिथं ती लग्न न झालेली थोरली मुलगी होती. इथं लोक तिची वाट बघत.

"लिहा," ती म्हणाली.

रविवारी सकाळी नाताळची गाणी तिनं खोलीत एकटीनं, रागारागानं म्हटली आणि पाड्याची वाट धरली.

नवसीनं तिला पाय पसरून पाटावर बसवलं. पोरगी नडग्यांवर पालथी घातली, तेल दिलं, कोमट पाणी दिलं. बायडी मुद्दाम चुका काढायला दारात येऊन बसली होती. "मान धर, मान! दुधी धरलाय काय?" हिल्डानं निमूट मान धरली. तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि लार्सनसाहेब वाकून आत डोकावले.

"अजून वेळ आहे," ते आपल्या भाषेत हळूच म्हणाले. "हात पूस आणि चल. मी कुणाला काही सांगणार नाही."

मोह झालाच. एवढं सोपं होतं ते. मग तिला एकदम संताप आला.

"साहेब, बेथलेहेमच्या गोठ्यातही कुणीतरी नाळ कापलीच असेल ना? ती बाई पाचव्या दिवशी जेवायला निघून गेली असती, तर मरियेला कोपऱ्यातून कुणी उठवलं असतं?"

शास्त्राच्या तराजूत या प्रश्नाचं वजन शून्य, हे तिलाही कळत होतं. पण विचारून बरं वाटलं.

"काय बोलतो तो?" नवसीनं विचारलं.

"मला न्यायला आले आहेत."

नवसी साहेबांकडे वळली. "पोर न्हाल्याबिगर बाय उठनार नाय. थांबाचं तं भायेर थांब."

साहेब बाहेर थांबले. पोरगी न्हाली, फडक्यात गुंडाळली गेली. हिल्डानं सोमीचा हात धरून तिला उठवलं आणि सगळ्या पाड्यादेखत विहिरीवर नेलं. सोमीनं पाणी शेंदलं. पहिला तांब्या हिल्डाला, दुसरा सासूला. तिसरा तिनं जीपपाशी उभ्या साहेबांपुढे धरला.

साहेब प्यायले. पण माणूस शब्दाचा पक्का. पत्र त्यांनी त्याच आठवड्यात धाडलं. मार्चच्या बोटीचं तिकीट निघालं.

तोवर हिल्डाबाईनं आणखी सात नाळा कापल्या. आणि सातही पाचव्यांना गेली.