धसकटं कुजंनात

"ही बघ! डोळं फाडून बघ मुडद्या!" सगुणाबाईनं नांगरलेल्या ढेकळातनं धसकटांची मूठ उपसली आन् थेट धनाजीच्या नाकापुढं धरली. "परवाच्या सालाची हायेत. चिखलणीत गाडलेली, आख्खा पावसाळा पान्यात राहिलेली. तरी कुजली न्हाईत. ही माती हाय का फरशी?"

धनाजी, तिच्या दिराचा पोरगा, खाचराच्या कोपऱ्यातल्या डबक्यात युरियाच्या रिकाम्या गोण्या खळबळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "खुराक कमी पडतोय, काकी. औंदा दोन गोण्या जादा टाकू."

झालं! म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खुब्याचं हाड मोडलं म्हणून ती तीन वर्सं भोरला लेकीकडं पडून होती, आन् पासली गावातलं हे एकुलतं खाचर धनाजी करत होता. पहिल्या साली भात काळंभोर उठलं. बांधावरून जाणारा जो तो म्हणाला, "धनाजीनं कमाल केली राव!" हिरवं दिसलं की आपली मानसं भाळत्यात, मुळाशी कोन बघतंय? तिसऱ्या साली तेच भात आडवं झालं आन् निम्मं पळंज निघालं, नुसती फोलपटं.

"खुराक म्हनं!" ती कडाडली. "मातीत बारीक जीव असत्यात. ते धसकट खात्यात, तवा भाताला खायला मिळतं. कृषी खात्याची शिवानी मॅडम सांगून गेली न्हवं? युरिया मापात टाका, पर शेन-लेंडी सोडू नका, न्हाईतर ते जीव उपाशी मरत्यात. तू तीन वर्सांत एक पाटी तरी शेन टाकलंस का? तुज्या चुलत्यानं दर वैशाखात लेंड्यांसाठी रातच्याला हितं धनगराची शेरडं बसवली. तू का न्हाई बसवलीस?"

"गेनू धनगरानं शेरडं इकली, काकी. कवाच सांगितलंय तुला."

"इकली व्हय? मग वरनं कोन येतंय ते बघ."

धनगरवाड्यावरनं गेनू कोकरे उतरत होता. म्हातारीनंच सांगावा धाडला होता, चार रात्री शेरडं बसव म्हणून. पर गडी एकटाच आला, आन् बांधावरच थांबला. खाचरात पाय टाकंना.

"आरं ये की खाली," सगुणाबाई म्हणाली. "शेरडं कुठंयत?"

"ह्या रानात न्हाई आनायची, वैनी." गेनूनं काठीनं डबकं दाखवलं. "गेल्या वैशाखात जाता जाता त्यातलं पानी प्याली. पाच शेरडं पोटं फुगून मेली. त्यातली दोन गाभण व्हती. ह्यो असाच गोण्या धूत बसला व्हता. म्हनला, तुजी शेरडं रोगट हायेत."

सगुणाबाई धनाजीकडं वळली. धनाजी गडबडीनं म्हणाला, "खोटं हाय, काकी! त्यो भाताचा खुराक हाय, जहर न्हाई."

"न्हाई ना?" तिनं वाकून डबक्यातनं ओंजळ भरली आन् त्याच्या तोंडाशी नेली. "पी."

"काकी..."

"पी म्हनते न्हवं! माज्या मातीला तीन वर्सं पाजलंस, लोकाची शेरडं मारलीस. एक घोट पी, म्हंजे गेनू आत्ता शेरडं आनंल."

पानी तिच्या बोटांतनं गळत राहिलं. धनाजीनं तोंड फिरवलं. शेजारच्या रानातली बायामानसं कामं टाकून बघत होती.

"गेनूबा," ती म्हणाली, आन् रागानं तिचा आवाज फाटला, "शेरडं नको आनू. माजं तोंड न्हाई तुला सांगायला. पर वाड्यावरच्या लेंड्या तरी दे."

"लेंड्या किती बी ने, वैनी. पर चढ हाय दीड मैल. तुज्या खुब्याला झेपायचं न्हाई."

"माजा खुबा कशाला? ह्याची मान मोकळीच हाय." तिनं बांधावरची पाटी उचलून धनाजीच्या अंगावर फेकली. "रोज चार खेपा. मिरग लागंस्तवर. एक चुकली तर ह्या बांधावर पाय ठेवू नगंस."

धनाजीनं आजूबाजूला बघितलं. सगळी त्याच्याकडंच बघत होती. त्यानं पाटी उचलली आन् गेनूच्या मागनं चढाला लागला. सगुणाबाई खालनं वरडली, "गच्च भरून आन!"